गवीतून आलेला शब्द

गवीच्या तोंडाला अजून तोच वास आहे. ओल्या जांभ्या दगडाचा, वटवाघळांच्या लेंड्यांचा, आणि त्याच्याही खाली, लोखंड जिभेला लावल्यावर येतो तसला काहीतरी. वाकून आत बघितलं तेव्हा गार वारा तोंडावर आला. दस्तगीर माझ्या उजव्या हाताला उभा होता. म्हणजे मी त्याच्या डाव्या अंगाला. तीसेक वर्षं मी त्याच्या डाव्याच अंगाला उभा राहत आलो आहे. लग्नात, मयतीत, कळंब्याला त्याच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात स्टुलावर बसतानाही. त्या बाजूचं त्याला दिसत नाही. तो डोळा माझ्या कुत्र्यानं काढला, याच गवीत. कुत्रं मी सोडलं होतं.

हे कुणापासून लपलेलं नाही. त्याला माहीत आहे, मला माहीत आहे, गावातल्या जुन्या माणसांना माहीत आहे. त्याच्या लेकीला, मुस्कानलाही माहीत आहे. ती भूगोल शिकते आणि सुट्टीच्या दिवशी चार पोरापोरींबरोबर डोंगरातल्या गुहांचे नकाशे करत हिंडते. तिनंच मागच्या आठवड्यात फोन केला.

“काका, रविवारी तुमच्या गवीत उतरणार हाय. वनखात्याची परवानगी घेतलीय. आब्बा म्हणाले, दोर तुम्ही धरायचा.”

“मी? अगं, तुमच्या ग्रुपमधली पोरं असतील की.”

“हायत की. पण आब्बा म्हंत्यात, तुम्हीच. का ते मला नका विचारू, त्यांना विचारा.”

मी विचारलं नाही. आठवडाभर जेवताना, गाडी चालवताना, मध्येच हाताची मूठ आपोआप मिटायची. बायको म्हणाली, काय झालंय, कुणावर हात उगारताय का? मी म्हणालो, नाही.

शहरातली माणसं गुहा म्हणतात. आमच्याकडं गवी. राधानगरीच्या वरच्या अंगाला, धरणाच्या पाण्यामागं डोंगराचा सपाट माथा आहे, सडा. उन्हाळ्यात तव्यासारखा तापतो, पावसाळ्यात त्याच्यावर बोटभर उंचीची फुलं उगवतात. त्या सड्याच्या काठाखाली, करवंदीच्या जाळीत, ही गवी. तोंड बैठं, म्हशीच्या पाठीएवढं. आत गेलं की उतार, उताराच्या शेवटी माणूस पोटावर सरकत जाईल एवढी चिंचोळी वाट, आणि त्या वाटेच्या टोकाला जमीनच संपते. विहिरीसारखा खड्डा. त्यात टाकलेला दगड लगेच वाजत नाही. आधी एका कडेला आपटतो, मग दुसऱ्या, मग बराच वेळ काही नाही, आणि मग कुठून तरी फार खालून कुणीतरी चापट मारल्यासारखा आवाज. तो पाण्याचा की चिखलाचा, यावर आमच्या लहानपणी मारामाऱ्या झालेल्या आहेत.

पावसाळ्यात गवी ओरडायची. सड्यावरचं पाणी फटींतून आत कोसळायचं आणि तोंडातून घोघो आवाज बाहेर पडायचा, बैल रागावल्यावर काढतो तसा. गाभण म्हशी त्या वाटेनं न्यायच्या नाहीत असा नियमच होता. आश्विनात पाऊस थांबला की आवाज बसायचा आणि तोंडातून वाफ निघायची. पहाटेच्या थंडीत लांबून वाटायचं, डोंगराच्या आत कुणीतरी चूल पेटवलीय. आणि ऐन चैत्रात, सड्यावर अनवाणी पाय ठेवला तर कातडी सोलून निघेल अशा दुपारी, गवीच्या तोंडाशी पालथं पडून राहिलं की अंगावर काटा येईल एवढं गार. त्या गारव्यात पडून मी आणि दस्त्या करवंदं खायचो. चिकानं ओठ फुटायचे. तो म्हणायचा, गवी श्वास घेती. मी म्हणायचो, तुझ्या म्हातारीचं नाक घोरतंय. तो मला लाथ घालायचा. मी त्याच्या तोंडात मूठभर कच्ची करवंदं कोंबायचो.

हो, तेव्हा तो दस्त्या होता.

त्याचे वडील विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. पाण्यात बुडालेली मोटार वर काढायची असली की कमरेला दोर बांधून विहिरीत उतरायचे, आणि दस्त्याही दहावी नापास झाल्यापासून उतरायला लागला होता. त्याच्या अंगाला कायम वंगणाचा आणि शेवाळाचा वास. विहिरींनी त्याला वेड लावलं होतं. खाली गेल्यावर वर आभाळाचा एवढासा तुकडा दिसतो, दिवसासुद्धा त्यात चांदणी दिसते असं तो शपथेवर सांगायचा. मी म्हणायचो, तुझ्या डोक्यावर बादली पडली असेल. पण गवीत शिरलं की मलाही ते कळायचं. आत अंधार काळा नसतो. बॅटरी विझवली की आधी डोळ्यांपुढं जांभळे ठिपके नाचतात, मग तेही जातात, आणि मग आपला हात डोळ्यासमोर हलवला तर तो दिसल्याचा भास होतो, दिसत मात्र काहीच नाही. कानात आपलंच रक्त वाजतं. भिंतीवर लांब मिशांचे फिकट किडे असतात, ते हातावर चढले तर पिसाएवढेही जड लागत नाहीत. कुठं तरी थेंब पडतो. तो थेंब पडेपर्यंतचा वेळ आणि पडल्यानंतरचा वेळ हे दोन वेगळे असतात. बाहेर आल्यावर उजेड डोळ्यांत सुईसारखा घुसायचा आणि आम्ही दोघं उगाचच एकमेकांना गुद्दे मारत सुटायचो. इतका आनंद झाला की काय करायचं ते आम्हाला माहीत नव्हतं. मारायचं तेवढं माहीत होतं.

आमचं घर मारणाऱ्यांचंच होतं. भाताच्या मळण्या आटोपल्या की माझा चुलता तात्या कुत्री बांधायचा. म्हणजे त्यांना उपाशी ठेवायचा. साळिंदरं रात्रीची उसात आणि रताळ्यांत शिरून नासाडी करत, दिवसा गवीत जाऊन झोपत. शिकारीला कायद्यानं बंदी होती, आजही आहे. आमच्याकडं कुणी विचारत नव्हतं. सात-आठ माणसं, काठ्या, भाले, कुऱ्हाडी, आणि कुत्री. कुत्र्यांच्या तोंडाला फेस. डोंगर चढताना माणसं बोलायची नाहीत, पण त्यांच्या अंगाला येणारा वास बदलायचा. घाम आंबट व्हायचा. गवीत कुत्रं घातलं की आतून आधी पाठीवरचे काटे खुळखुळल्याचा आवाज, सुपात चिंचोके पाखडल्यासारखा, मग गुरगुर, मग किंकाळी. कुत्र्याची की साळिंदराची, ते बाहेर ओढल्यावर कळायचं. साळिंदर पळता पळता थांबतं आणि उलटं मागं येतं. पाठीमागून कुत्र्याच्या तोंडात घुसतं. मग काठ्या पडायच्या. काठी मांसावर पडली की आवाज वेगळा, हाडावर पडली की वेगळा. मला दोन्ही ओळखू यायचे, आणि मला ते आवडायचं. हे लिहिताना हात अडखळत नाही, याचीच लाज वाटते.

दस्त्या शिकारीत आला तो पक्कड घेऊन. कुत्र्यांच्या नाकात, जिभेत रुतलेले काटे त्याच्यासारखे कुणालाच काढता यायचे नाहीत. कुत्र्याचं डोकं गुडघ्यांत दाबायचा, “गप्प, बाबा, गप्प, झालं,” म्हणत एका झटक्यात काटा उपसायचा. आमचा बादल तर त्याच्यापुढं स्वतः येऊन जबडा उघडायचा. उंच, वाळक्या अंगाचं, राखाडी रंगाचं कारवानी कुत्रं. मला चावलं होतं दोनदा. दस्त्याचे हात चाटायचं.

“तुझं कुत्रं माझं ऐकतंय, तुझं न्हाय,” दस्त्या म्हणायचा.

“कारण दोघांची जात एकच. गटारीतनं उचलल्याली.”

“सुक्काळीच्या, माझ्या दारात ये, मग सांगतो गटार कुणाची ती.”

मांस तो खायचा नाही. शिकारीशी त्याला देणंघेणंच नव्हतं. त्याला गवीतला तो खड्डा बघायचा होता. खाली पाणी आहे, त्यानं कान लावून ऐकलंय, आणि एवढं पाणी असलं तर ते कुठं तरी निघत असणार, एवढंच त्याच्या डोक्यात. एकट्यानं दोराशिवाय जायचं धाडस नव्हतं, आणि दोर धरायला माणसं मिळायची ती शिकारीच्या निमित्तानंच.

त्या दिवशी कुत्र्यांनी आत जायला नकार दिला. वास घेऊन मागं सरायची, अंग चोरायची. तात्या चिडला. त्यानं मिरच्यांची धुरी द्यायची म्हटलं तर दस्त्या आडवा झाला. “धूर केलासा तर आत हवाच ऱ्हाणार न्हाय. मग तुमचं तुम्ही जावा.” तात्यानं शिवी हासडली. मग दस्त्याच म्हणाला, मी जाऊन बघतो साळिंदर हाय का, न्हाय का. सगळ्यांना वाटलं, पोरगा शूर आहे. मला माहीत होतं त्याला काय बघायचंय ते. त्यानं दोर कमरेला बांधला, दातांत बॅटरी धरली, आणि जाताना माझ्याकडं बघून डोळा मारला. डावा.

दोर माझ्या उजव्या हातात होता. डाव्या हातात बादलची साखळी.

दस्त्या आत गेल्यापासून बादल ताणत होता. साखळी बोटांत रुतली होती. बाकीची माणसं सड्याच्या वरच्या बाजूला दुसरी फट बघायला गेली होती, तात्या तेवढा मागं बिडी पेटवत उभा. दोर हातातून आत जात होता, थांबत होता, जात होता. मग बराच वेळ थांबला. आणि आतून आवाज आला.

“सोड!”

गवीत आवाजाची धार जाते. पुढचं मागचं सगळं दगड खातो, मधला एखादा शब्द तेवढा बाहेर येतो. विहिरीत उतरणाऱ्या माणसाच्या तोंडात ‘सोड’ म्हणजे दोर सोड, ढील दे, मला आणखी खाली जायचंय. त्यानं तो शब्द लहानपणापासून त्याच अर्थानं ऐकला होता, बापाच्या तोंडून, विहिरीच्या तळातून. आमच्या घरात तो शब्द एकाच गोष्टीसाठी होता. झाडीत जनावर दिसलं की तात्या ओरडायचा, सोड! आणि साखळ्या सुटायच्या. मी चालायला लागलो तेव्हापासून तो शब्द ऐकला की माझा हात उघडतो.

माझा हात उघडला. डावा.

बादल दगडावरून घसरत आत गेला. मला आठवतं, मला आनंद झाला. वाटलं, सापडलं जनावर. मी मागं वळून तात्याला ओरडलोसुद्धा. मग काटे खुळखुळले. साळिंदर खरंच होतं आत, दस्त्याच्या आणि खड्ड्याच्या मध्ये नाही, बाजूच्या कपारीत, आणि कुत्र्याच्या वासानं ते बाहेर आलं असणार, उलटं. त्या पोटावर सरकायच्या वाटेत एक माणूस, एक साळिंदर आणि तोंडात काटे घुसलेलं, अंधारात पिसाळलेलं कुत्रं. किती वेळ गेला मला सांगता येत नाही. कुत्र्याचा आवाज आणि दस्त्याचा आवाज वेगळा काढता येत नव्हता. तात्यानं माझ्या हातातून दोर हिसकावला आणि आम्ही दोघांनी ओढला. दोर जड झाला होता. दोघं एकदमच बाहेर आले, दस्त्या आणि त्याच्या तोंडावर बादल.

जांभ्याच्या लाल मातीत रक्त दिसत नाही. नुसतं ओलं दिसतं.

तात्यानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं बादलला तिथंच मारला. पहिला घाव पाठीवर बसला, दुसऱ्याला त्यानं मान वर केली, आणि त्याच्या जबड्यात ते काटे होते, चार-पाच, पांढरे-काळे, मिशांसारखे बाहेर आलेले. तो दस्त्याकडंच सरकत होता. काटे काढून घ्यायला, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं. तात्यानं तिसरा घाव घातला. चौथा मी घातला. कुणी मला सांगितलं नव्हतं.

कोल्हापूरच्या दवाखान्यापर्यंत जीपमध्ये दस्त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्याच्या तोंडावर दाबायला टॉवेल नव्हता, माझा शर्ट होता. तो शुद्धीत होता. एकदाच बोलला. म्हणाला, “पाणी हाय रं खाली.” मला वाटलं तो प्यायला पाणी मागतोय.

त्यानंतर मी बदललो, म्हणजे चांगला झालो. कुत्री विकली. तात्याशी बोलणं सोडलं. तो गेला तेव्हा खांदा दिला, पण रडलो नाही. गडमुडशिंगीला येऊन बी-बियाणांचं दुकान टाकलं. कुणी मोटार बिघडल्याचं म्हणालं की मी त्याला कळंब्याला पाठवतो. दर वर्षी भात निघालं की तांदळाचं एक पोतं दस्तगीरच्या दारात नेऊन ठेवतो. ईदला सकाळी पहिला मी जातो, शीरखुर्म्याची वाटी दोन्ही हातांनी घेतो. “दस्तगीरभाई, तब्येत कशी आहे तुमची?” असं विचारतो. तो “बरी हाय,” म्हणतो. त्याच्या बायकोला ताई म्हणतो. एवढी वर्षं झाली, त्यानं त्या दिवसाबद्दल एक अवाक्षर काढलं नाही. मी शंभरदा ओठांवर आणलं आणि गिळलं. मला वाटायचं, एकदा त्यानं मला मारावं, नाहीतर माफ करावं. दोन्हीपैकी काहीतरी. तो रिवाइंडिंगच्या तारा गुंडाळत राहायचा. तांब्याची तार एका डोळ्यानं बघत, एकावर एक, एकही वेटोळं न चुकवता.

रविवारी सकाळी मुस्काननं सामान सड्यावर मांडलं. डोक्याला हेल्मेटसारख्या टोप्या, प्रत्येकाला तीन-तीन बॅटऱ्या, कमरेचे पट्टे, लोखंडी कड्या. त्या दिवशी ग्रुपमधला तिचा एकच जोडीदार आला होता, बोलायला लाजणारा, खांद्यानं रुंद. आज कुठल्या गुहेत आहोत आणि किती वाजेपर्यंत परतणार, हे तिनं आधी फोनवरून दोन घरी कळवलं. मग आमच्याकडं वळली.

“आब्बा, टोपी घाला.”

“मी न्हाय आत जाणार. आन माझं डोकं दगडापेक्षा टणक हाय.”

“दगडाला लागंल म्हणून घाला.”

दस्तगीरनं टोपी घातली.

“ऐका आता. वटवाघळांना बॅटरी मारायची न्हाय, आवाज न्हाय, धूर न्हाय. बिडी खिशात ठेवा. आभाळ भरून आलं तर मला लगेच हाक मारायची, पाणी आत शिरायला वेळ लागत न्हाय. दोर सैल पायजे असला की मी ‘ढील’ म्हणणार. ताठ पायजे असला की ‘ताण’. तिसरा शब्द न्हाय. काय ऐकू न्हाय आलं तर काय करायचं, काका?”

“काय करायचं?”

“काहीच न्हाय. धरून ठिवायचं आन परत विचारायचं.”

धरून ठेवायचं आणि परत विचारायचं. एवढंच. मी मान हलवली. ती माझ्याकडं बघत नव्हती, पट्टा आवळत होती, पण दस्तगीर बघत होता. त्यासाठी त्याला पूर्ण मान वळवावी लागते.

जोडीदार आधी गेला, खड्ड्याच्या काठावर थांबायला, दोर दगडावर घासू नये म्हणून. मग मुस्कान. दस्तगीरनं दोराचं शेवटचं टोक जांभळीच्या बुंध्याला बांधलं, गाठ ओढून बघितली, पाय लावून पुन्हा ओढली. मी म्हणालो, “दस्तगीरभाई, तुम्ही धरा. तुमची लेक आहे.”

“धर,” तो म्हणाला.

मुस्कान पोटावर पडून त्या वाटेत शिरली. तिच्या बुटांचे तळवे दिसेनासे झाले. दोर माझ्या पट्ट्याच्या कड्यातून, माझ्या दोन्ही हातांतून आत जायला लागला. जात होता, थांबत होता, जात होता. आतून वटवाघळं उठली. एकदम, फाटकी कापडं कुणी तोंडावर भिरकवावीत तशी, शेकडो, आमच्या डोक्यांवरून, कानांजवळून, त्या अमोनियासारख्या वासासकट. मी डोळे मिटले. हात मिटलेलेच होते.

“काठावर पोचलो!” आतून मुस्कानचा आवाज. आमच्या कोल्हापूरच्या पोरी ‘पोचलो’च म्हणतात. “उतरायला लागलो, काका. ढील!”

मी ढील दिली. दोरावर वजन आलं. एका जिवंत माणसाचं वजन, खड्ड्यात लोंबणारं, माझ्या मनगटांत. मी आखडलो. पाठ भिजली. तिथं, तेव्हा, तीस वर्षं गिळलेलं सगळं माझ्या घशात आलं.

“दस्तगीरभाई,” मी म्हणालो, “मला माफ करा. त्या दिवशी मी... मला कळलंच नाही हो, तुम्ही दोर म्हणत होता... मी रोज...”

कानशिलाखाली जाळ उठला. आवाज नंतर आला, किंवा मला नंतर ऐकू आला. दस्तगीरचा हात तारा ओढून ओढून लाकडासारखा झालेला आहे. माझं डोकं जांभळीच्या बुंध्यावर आपटलं. तोंडात रक्ताची चव आली.

“पोरगी दोरावर हाय,” तो म्हणाला, दबक्या आवाजात, दात आवळून, “आन तुला माफी सुचायलीय? व्हय रं?”

मी तोंडातलं रक्त बाजूला थुंकलं.

“तीस वर्सं बघतोय. तांदळाचं पोतं टाकतूस. भाई म्हंतूस. अहो-जाहो करतूस. माझ्या घरात चोरासारखा बसतूस, त्या आंधळ्या बाजूला. एक डोळा गेला, बरं, गेला. कुत्र्यानं नेला. पर माझा एक दोस्त हुता त्यो कुणी नेला? त्यो तर तूच नेलास की. मला दवाखान्यातनं घरी सोडलं आन तू आलास ते हात जोडून. ‘तुम्ही’ म्हणालास. तवाच कानफाटात द्यायला पायजे हुती. हातात बळ नव्हतं.”

त्याचा श्वास भरून आला होता. चांगल्या डोळ्यातून पाणी येत होतं, आणि दुसऱ्यातूनही. तिथं डोळा नाही, पण पाणी येतं, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. त्या अंगाला मी कायम बसायचो.

“हाताकडं बघ,” तो म्हणाला.

मी खाली बघितलं. माझे दोन्ही हात दोरावर होते. बोटांची पेरं पांढरी पडली होती. दोर वीतभरही सरकला नव्हता.

“आब्बा!” गवीतून आवाज आला, लांबून, दगडांनी अर्धा खाल्लेला. “कसला आवाज झाला? काय चाललंय वर?”

“काय न्हाय गं. मच्छर हुता. मारला.”

गाल सुजायला लागला होता. कानात घंटा वाजत होती. जीभ दातांवरून फिरवली, एक दात हलत होता. आतून काहीतरी वर येत होतं, आणि ते माफीचं नव्हतं.

“मच्छर कुणाला म्हंतूस रं, काण्या?” मी म्हणालो.

सड्यावर वारं पडलं होतं. दस्त्या पूर्ण मान वळवून माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं, दुसरी बसते आता. त्यानं बाहीनं तोंड पुसलं, डोक्यावरची ती प्लास्टिकची टोपी सरळ केली, माझ्या मागं येऊन बसला आणि दोराचा मागचा भाग आपल्या पंजात घेतला. आतून ‘ढील!’ असा आवाज आला.

“पुढं बघ, सुक्काळीच्या,” तो म्हणाला. “पोरगी ढील मागायलीय.”